गाभण सशांवरची चाचणी आणि तुमच्या चहातली गोळी

गरोदरपणात ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी रक्त तपासतात. आकडा १४० किंवा त्याच्या वर आला की त्या दिवसापासून घरातलं गोड बंद होतं. डोहाळे काही बंद होत नाहीत. मग पुढच्या तपासणीला येताना बाई एक प्रश्न हमखास घेऊन येते, "डॉक्टर, चहात शुगर फ्रीची गोळी टाकली तर चालेल का?"

प्रश्न सरळ आहे, पण तो विचारण्याआधी तिच्या मोबाइलवर दोन गोष्टी येऊन गेलेल्या असतात. एक असतो भीतीचा मेसेज: या गोळ्या दिल्यावर प्रयोगशाळेत सशांचे गर्भपात झाले, माद्या मेल्या. दुसरी असते दिलाशाची जाहिरात: गरोदर प्राण्यांवर तपासलेलं, पूर्ण सुरक्षित. गंमत अशी की दोन्ही मजकुरांचा आधार बहुतेक वेळा एकाच प्रकारच्या चाचण्या असतात, आणि दोघांनीही त्या चाचण्यांतलं आपल्या सोयीचं तेवढंच उचललेलं असतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. गाभण प्राण्यांवरची चाचणी हे एक चांगलं हत्यार आहे, पण ते एका विशिष्ट प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी बनवलेलं आहे. त्या प्रश्नापुरता तिच्यावर विश्वास ठेवावा. घाबरण्यासाठी तिचा वापर करू नये आणि बिनधास्त होण्यासाठीही नाही. हे नीट कळायचं असेल तर ती चाचणी होते तरी कशी, हे थोडं सविस्तर बघावं लागेल.

उदाहरण म्हणून सुक्रालोज घेऊ. आज आपल्याकडे मिळणाऱ्या बऱ्याच गोळ्या-पावडरींमध्ये तेच असतं, आणि त्याच्या शोधाशी एक मराठी नाव जोडलेलं आहे. १९७६ साली लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात शशिकांत फडणीस नावाचे तरुण संशोधक साखरेच्या रेणूला क्लोरीन जोडून नवे पदार्थ तयार करत होते. वरिष्ठ प्राध्यापक लेस्ली हफ यांनी त्यांना एक पदार्थ 'टेस्ट' करायला, म्हणजे तपासायला सांगितला. फडणीसांनी ऐकलं 'टेस्ट'च, पण चव घेण्याच्या अर्थाचं, आणि त्यांनी ते चक्क जिभेवर ठेवलं. ते साखरेच्या सुमारे ६०० पट गोड निघालं. आज कुठल्याही प्रयोगशाळेत असं केलं तर नोकरी जाईल. पण तो गोड रेणू तिथून बाजारात यायला पुढची पंधराएक वर्षं गेली. कॅनडाने १९९१ मध्ये आणि अमेरिकेने १९९८ मध्ये परवानगी दिली. मधल्या काळात शंभराहून जास्त अभ्यास झाले. गाभण उंदीर आणि गाभण ससे त्यातच आले.

उंदीर आणि ससे दोन्ही का? याचं उत्तर थॅलिडोमाइडच्या शोकांतिकेत आहे. १९५७ पासून पश्चिम जर्मनीत आणि मग इतर अनेक देशांत हे झोपेचं, मळमळीचं औषध गरोदर बायकांना सर्रास दिलं गेलं. १९६१ च्या अखेरीस ते मागे घेईपर्यंत दहा हजारांहून जास्त बाळं हातापायांचं व्यंग घेऊन जन्मली होती. औषध बाजारात आणण्याआधी गाभण प्राण्यांवर पद्धतशीर तपासणी करण्याची सक्ती तेव्हा नव्हती. नंतर शास्त्रज्ञांनी तपासलं तेव्हा आणखी एक अस्वस्थ करणारी गोष्ट कळली: उंदरांच्या पिल्लांत थॅलिडोमाइडने तशी व्यंगं फारशी होतच नव्हती, पांढऱ्या सशांच्या पिल्लांत मात्र झाली. म्हणजे फक्त उंदरांवर विसंबलो असतो तर तेव्हाही फसलो असतो. तेव्हापासून नियम असा झाला की एक कुरतडणारा प्राणी आणि एक त्या गटाबाहेरचा, अशा दोन जातींत तपासायचं. बहुतेक वेळा ते उंदीर आणि ससा असतात.

आता प्रत्यक्ष चाचणी. गाभण माद्यांचे साधारण चार गट करतात, प्रत्येक गटात विसेक माद्या. एका गटाला काहीच देत नाहीत, बाकीच्यांना कमी, मध्यम आणि खूप जास्त असा डोस रोज देतात. उंदराचं गर्भारपण २१-२२ दिवसांचं, सशाचं महिन्याभराचं. प्रसूतीच्या आदल्या दिवशी मादीला मारून गर्भाशय उघडतात. किती गर्भ रुजले, किती जिरून गेले, जिवंत किती, वजन किती हे मोजतात. मग एकेका गर्भाची तपासणी होते. काहींची हाडं लाल रंगात रंगवून बरगड्या, मणके, बोटांची हाडं मोजतात, काहींचं हृदय, मूत्रपिंड, मेंदू कापून बघतात. उंदराच्या एका अभ्यासात असे जवळपास हजार गर्भ डोळ्यांखालून जातात. हे वाचायला बरं वाटत नाही, मला लिहायलाही नाही. पण एवढे जीव ज्या उत्तरासाठी खर्ची पडतात ते उत्तर निदान नीट वाचलं तरी जावं, असं मला वाटतं.

यात एक बारकावा आहे आणि सगळा घोळ तिथेच होतो. सर्वांत वरचा डोस मुद्दाम इतका मोठा ठेवतात की आईला थोडा तरी त्रास व्हावा. त्रास झालाच नाही तर परीक्षक म्हणतो, तुम्ही पुरेसं वर गेला नाहीत. पूल बांधल्यावर त्यावरून एक सायकल नेऊन बघत नाहीत, भरलेले ट्रक उभे करतात, तसंच हे. तेव्हा 'सर्वांत मोठ्या डोसला प्राण्यांना त्रास झाला' हे वाक्य अशा प्रत्येक अहवालात सापडणं जवळजवळ अपेक्षितच आहे. मेसेज पाठवणारा नेमकं तेच वाक्य उचलतो.

सुक्रालोजचं काय झालं ते बघा. गाभण उंदरांना किलोमागे रोज २००० मिलिग्रॅमपर्यंत दिलं, पिल्लांत व्यंग आढळलं नाही. सशांना किलोमागे १७५, ३५० आणि ७०० मिलिग्रॅम असे तीन डोस दिले. ७०० च्या गटात माद्यांचं पोट बिघडलं, काही मेल्या, काहींचे गर्भपात झाले. म्हणजे मेसेजमधली माहिती खोटी नाही. फक्त पुढचं सांगितलेलं नाही. खालच्या दोन डोसांना असं काही झालं नाही, आणि पिल्लांमध्ये सुक्रालोजमुळे आलेलं व्यंग कुठल्याच गटात दिसलं नाही.

मग ससे का मेले? सशाच्या पोटाची रचना आपल्यासारखी नाही. लहान आतड्याच्या पुढे त्याला एक भलीमोठी पिशवी असते, त्यात जंतूंच्या मदतीने चारा आंबतो आणि सशाचं पोषण बरंचसं त्यावर चालतं. आतड्यात न शोषला जाणारा पदार्थ मोठ्या प्रमाणात तिथे गेला की तो पाणी ओढून घेतो आणि सगळी घडी विस्कटते. जुलाब, खाणं बंद, वजन कमी. उपाशी आणि जुलाबांनी खंगलेली गाभण मादी गर्भ टाकते, मग कारण सुक्रालोज असो की आणखी काही. सुक्रालोजचा मोठा भाग माणसाच्या आतड्यातही शोषला जात नाही, शौचावाटे बाहेर पडतो. पण आपण सशासारखे चाऱ्यावर जगत नाही, आणि मुख्य म्हणजे आपण तेवढं खात नाही.

तेवढं म्हणजे किती? हिशोब करू. ६० किलो वजनाच्या बाईला किलोमागे ७०० मिलिग्रॅम म्हणजे रोज ४२ ग्रॅम सुक्रालोज. ६०० पट गोड धरलं तर २५ किलो साखरेचा गोडवा, दर दिवशी. एक चमचा, म्हणजे ५ ग्रॅम साखरेइतकी गोडी यायला सुक्रालोज लागतं जेमतेम ८ मिलिग्रॅम. दिवसातून दोन कप चहा, कपाला एक चमचा गोडी, तर झाले १६ मिलिग्रॅम. सशांना ज्या डोसला काही झालं नाही त्या ३५० च्या आकड्याशी ताडून बघितलं तर किलोमागे ही मात्रा हजार पटींहून कमी आहे.

शंभराने का भागतात?

रोज किती घेतलेलं चालेल याची जी मर्यादा सरकारी यंत्रणा ठरवतात, ती थेट प्राण्यांच्या आकड्यावरून उचललेली नसते. ज्या डोसला प्राण्याला काहीही झालं नाही तो घेतात आणि बहुतेक वेळा १०० ने भागतात. प्राणी आणि माणूस यांत फरक आहे म्हणून १० ने, आणि माणसामाणसांतही फरक आहे म्हणून पुन्हा १० ने. त्या दुसऱ्या १० मध्ये गरोदर बाई, अशक्त माणूस, म्हातारा माणूस सगळे धरलेले असतात.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सुक्रालोजसाठी उंदरांतला ५०० चा आकडा धरला आणि मर्यादा ठेवली किलोमागे ५ मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने १५०० चा आकडा धरला, त्यांची मर्यादा १५. हे सांगितलं की रुग्ण विचारतात, मग खरं कोणाचं? दोघांचंही. ही मर्यादा म्हणजे कड्याची धार नव्हे, कड्यापासून बऱ्याच आत घातलेलं कुंपण आहे. एकाने ते जरा जास्त आत घातलं. मी स्वतः गरोदर बाईसाठी आतलं कुंपण धरतो. ६० किलोच्या बाईला ते ३०० मिलिग्रॅम, म्हणजे साधारण ३६ चमचे साखरेची गोडी. चहाच्या दोन कपांनी तिथे पोचता येत नाही. पण दिवसभर डाएट कोला, वर शुगर फ्री आइस्क्रीम, प्रोटीन पावडर, गोड केलेलं दही असं सुरू झालं तर कुंपण दिसायला लागतं.

उंदराची दोन पिढ्यांची गोष्ट

प्राण्यांवरच्या चाचणीने विनाकारण घाबरवल्याचं सर्वांत गाजलेलं प्रकरण सॅकरिनचं. हा सर्वांत जुना कृत्रिम गोडवा, १८७९ मध्ये सापडलेला. १९७० च्या दशकात उंदरांना गर्भात असल्यापासूनच सॅकरिन द्यायचे प्रयोग झाले: आधी आईला, मग तिच्या पिल्लांना आयुष्यभर. कॅनडात झालेल्या अभ्यासात आहाराचा ५ टक्के भाग सॅकरिन होतं. ताटातल्या वीस घासांपैकी एक घास निव्वळ सॅकरिनचा, असं समजा. नरांच्या मूत्राशयात गाठी झाल्या, आणि ज्या पिढीला जन्माआधीपासून ते मिळालं होतं तिच्यात जास्त झाल्या. १९७७ मध्ये अमेरिकेत बंदीचा प्रस्ताव आला. मधुमेहींनी ओरड केली, कारण तेव्हा त्यांना दुसरा पर्याय जवळजवळ नव्हता. संसदेने बंदी थांबवली, पण डब्यांवर 'प्रयोगशाळेतील प्राण्यांत कर्करोग' असा इशारा छापणं सक्तीचं केलं.

तो इशारा २००० साली काढला गेला. दरम्यान कळलं होतं की नर उंदराच्या लघवीत प्रथिनं आणि कॅल्शियम फॉस्फेट यांचं जे मिश्रण असतं, त्यात सॅकरिनच्या प्रचंड डोसामुळे बारीक खडे तयार होतात, ते मूत्राशयाचं अस्तर खरवडतात आणि सतत भरून येण्याच्या त्या धडपडीत गाठी होतात. माणसाची लघवी तशी नसते. तरीही त्या काळातल्या तज्ज्ञांना मी मूर्ख म्हणणार नाही. जन्माआधीपासून दिल्यावर गाठी जास्त झाल्या हे कळल्यावर गप्प बसणं हा खरा निष्काळजीपणा झाला असता. चुकलं ते एवढंच, की कारण उलगडल्यानंतरही ती भीती लोकांच्या डोक्यातून काढायला कोणी फारसे कष्ट घेतले नाहीत. आजही साठीच्या पुढची मंडळी मला 'त्या गोळीने कॅन्सर होतो ना?' असं विचारतात, ते तिथून आलेलं आहे.

आता उलटी बाजू. सॅकरिन कर्करोगातून सुटलं, तरी गरोदरपणात ते टाळा असं मी सांगतो, आणि तेही प्राण्यांवरच्याच अभ्यासावरून. गाभण माकडिणींना सॅकरिन दिल्यावर ते वारेतून पलीकडे गेलं, आणि आईच्या रक्तातून ते लवकर उतरलं तरी गर्भाच्या शरीरातून हळूहळू बाहेर पडलं. यात कोणाला इजा झालेली नाही. पण बाळाकडे रेंगाळणारी वस्तू, जिच्याशिवाय आपलं काही अडत नाही, ती कशाला घ्यायची? एवढा साधा विचार आहे.

'पण डॉक्टर, स्टिव्हिया तर झाडाचं असतं'

हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. झाडाचं म्हणजे निर्धोक, हा आपला लाडका समज. म्हणून मुद्दाम सांगतो: गर्भधारणेच्या बाबतीत पहिला संशय जिच्यावर आला त्या गोड गोष्टींमध्ये हे झाडच आहे. पॅराग्वेतल्या आदिवासी बायका स्टिव्हियाचा काढा मूल राहू नये म्हणून पितात, अशी माहिती होती. तिचा पडताळा म्हणून दोन संशोधकांनी उंदरांच्या माद्यांना पाल्याचा काढा पाजला आणि १९६८ मध्ये 'सायन्स' या नामांकित नियतकालिकात लिहिलं की माद्यांची गाभण राहण्याची क्षमता कमी झाली, काढा बंद केल्यावरही ५०-६० दिवस तो परिणाम टिकला.

पुढे इतरांनी हे करून पाहिलं तेव्हा तसं काही दिसलं नाही. पानातला गोड घटक शुद्ध करून हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्यांना सलग तीन पिढ्या, किलोमागे रोज अडीच ग्रॅमपर्यंत दिला, तरी पिल्लं नेहमीसारखी होत राहिली. मात्र तो गोड घटक आतड्यात फुटून जे स्टिव्हिऑल तयार होतं, ते थेट गाभण हॅमस्टरना मोठ्या मात्रेत दिल्यावर माद्या आणि गर्भ दोघांना अपाय झाला. किलोमागे २५० मिलिग्रॅमला झाला नाही. हे सगळं समोर ठेवून २००८ मध्ये तज्ज्ञ समितीने मर्यादा ठरवली ती स्टिव्हिऑलच्या हिशोबात, किलोमागे ४ मिलिग्रॅम. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये परवानगी दिली तीही शुद्ध केलेल्या घटकाला. कुंडीतल्या स्टिव्हियाची पानं उकळून केलेला काढा त्यात येत नाही. तपासलेलं आहे ते डब्यातलं, आणि लोकांचा विश्वास आहे तो कुंडीतल्यावर. गरोदर असाल तर कुंडीला पाणी घाला, काढा करू नका.

उंदीर जे सांगू शकत नाही

आतापर्यंत वाचून तुम्हाला वाटेल की मी या गोळ्यांची वकिली करतोय. तसं नाही. माझी खरी तक्रार आता येते.

गाभण प्राण्यांच्या चाचणीची घडण थॅलिडोमाइडच्या भीतीतून झाली. म्हणून ती व्यंग शोधते, गर्भपात शोधते, वजन मोजते. त्या कामात ती बरीच विश्वासू आहे. पण आज तुम्हाला पडणारा प्रश्न वेगळा आहे. बाळ व्यंगाशिवाय जन्मलं, पुढे काय? वर्षाचं होईल तेव्हा ते वाजवीपेक्षा जाड होईल का? त्याच्या जिभेला गोडाची चटक आधीच लागलेली असेल का? आईच्या आतड्यातले जंतू बदलले तर बाळाला त्याचा वारसा कसा मिळेल? प्रसूतीच्या आदल्या दिवशी उघडलेल्या गर्भाशयात ही उत्तरं नसतात.

ती माणसांत शोधावी लागतात, आणि माणसांतला पुरावा अजून धूसर आहे. डेन्मार्कमधल्या ५९ हजारांहून जास्त गरोदर बायकांच्या २०१० मधल्या अभ्यासात रोज कृत्रिम गोडव्याची पेयं पिणाऱ्यांत वेळेआधी प्रसूतीचं प्रमाण जास्त दिसलं. दोन वर्षांनी नॉर्वेतल्या ६० हजारांच्या अभ्यासात तसा संबंध थोडासा दिसला, पण साखरेच्या पेयांशीही दिसला. कॅनडात २०१६ मध्ये सुमारे तीन हजार आई-बाळांच्या जोड्या बघितल्या, तर गरोदरपणात रोज अशी पेयं घेणाऱ्यांची बाळं वर्षाची होताना जास्त वजनाची असण्याची शक्यता दुप्पट निघाली.

घाबरण्याआधी एक विचार करा. रोज डाएट कोला कोण पितं? बऱ्याचदा जिचं वजन आधीच जास्त आहे, जिला साखरेची भीती आहे, ती. मग बाळाचं वजन कोलामुळे वाढलं की आईच्या मूळ वजनामुळे? संशोधक आकडेमोडीने हे वेगळं करायचा प्रयत्न करतात, पण दूध आणि पाणी एकदा मिसळलं की पूर्ण वेगळं होत नाही. म्हणून या अभ्यासांना मी पुरावा म्हणत नाही, खूण म्हणतो. पण तीन देशांतून खुणा आल्यावर 'प्राण्यांत तपासलंय, झालं' असं म्हणून हात झटकणंही मला पटत नाही. एकदा परवानगी मिळाली की पुढची वीस वर्षं गरोदर बायका तो पदार्थ घेतात आणि त्यांची नोंद कोणी सक्तीने ठेवत नाही. गरोदरपणातला मधुमेह आपल्या दवाखान्यांत इतका नेहमीचा झाला आहे की परवानगीबरोबरच अशा नोंदीची अट घालायला हवी, आणि तिचा खर्च हे विकून नफा मिळवणाऱ्यांकडून घ्यायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणखी एक छोटी गोष्ट. चाचणीत प्राण्यांना दिला जातो तो शुद्ध पदार्थ. आपण मात्र त्याची नानकटाई भाजतो. सुक्रालोज खूप तापवलं, १२० अंशांच्या वर, तर क्लोरीन असलेले नको ते पदार्थ तयार होऊ शकतात असा इशारा जर्मनीच्या सरकारी संस्थेने २०१९ मध्ये दिला. चहात घालायला हरकत नाही, ओव्हनमध्ये नको.

मग करायचं काय?

गरोदरपणातला मधुमेह निघालेला असेल आणि चहा अगदीच घशाखाली उतरत नसेल, तर दिवसाला दोन कपांत सुक्रालोज किंवा शुद्ध स्टिव्हियाची एकेक गोळी चालेल. अ‍ॅस्पार्टेमही ठरवलेल्या मर्यादेत चालतं; युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१३ मध्ये सगळा पुरावा पुन्हा तपासून ती मर्यादा, किलोमागे ४० मिलिग्रॅम, गर्भासाठीही पुरेशी ठरवली. अपवाद एकच, फिनाइलकीटोन्युरिया हा दुर्मिळ जन्मजात आजार असलेली आई. तिने ते घेऊ नये. २०२३ मध्ये अ‍ॅस्पार्टेमला 'कदाचित कर्करोगकारक' या यादीत टाकल्याच्या बातम्या आल्या, त्याच वेळी तज्ज्ञ समितीने ४० ची मर्यादा मात्र तशीच ठेवली. ते पुरेसं छापून आलं नाही.

मधुमेह नाही, फक्त वजन वाढू नये म्हणून गोळी घेताय? मग गरज नाही. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी हे गोडवे वापरू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ मध्ये सांगितलं आहे. (आधीपासून मधुमेह असलेल्यांना ती शिफारस लागू नाही, हेही त्यातच लिहिलंय.) चमचाभर साखर कमी करत आणा, जीभ दोन-तीन आठवड्यांत जुळवून घेते.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती मेसेज वाचून गोळी फेकून देणाऱ्या आणि त्या जागी गूळ, मध किंवा खजूर सुरू करणाऱ्या मधुमेही गरोदर बाईची. 'गूळ चालतो, तो गरम नाही आणि केमिकलही नाही' असं सासूबाई मायेने सांगतात. पण गूळ रक्तात साखरच होतो. आईची साखर चढी राहिल्याने बाळ अवाजवी मोठं होणं, प्रसूती अडणं, जन्मल्याबरोबर बाळाची साखर घसरणं हे आम्ही दवाखान्यात उघड्या डोळ्यांनी बघतो. त्यासाठी कुठल्या सशाची साक्ष लागत नाही. एका बाजूला हजार पटींनी कमी मात्रेतली शंका आणि दुसऱ्या बाजूला रोज दिसणारा धोका, यांना एकाच तराजूत घालू नका.

काही जणी दबक्या आवाजात वेगळंच विचारतात: दिवस राहिल्याचं कळलंच नव्हतं, दोन महिने रोज डाएट कोला प्यायले, आता हे ठेवू की नको? अशा कारणासाठी गर्भ काढून टाकायचा विचारही करू नका. वर सांगितलेल्या चाचण्या नेमक्या याच प्रश्नासाठी केलेल्या आहेत, आणि इथे त्यांचं उत्तर स्पष्ट आहे: तुम्ही घेतलेल्या मात्रेच्या कित्येक पट जास्त देऊनही पिल्लांत व्यंग आलेलं नाही. कोला आजपासून बंद करा, नेहमीची सोनोग्राफी वेळेवर करा, बस.

राहिलं डब्याचं. पुढच्या बाजूला 'नॅचरल' लिहिलंय का हे बघू नका, डबा फिरवून बारीक अक्षरांतले क्रमांक वाचा. ९५५ म्हणजे सुक्रालोज, ९६० स्टिव्हिया, ९५१ अ‍ॅस्पार्टेम, ९५० अ‍ॅसेसल्फेम, ९५४ सॅकरिन. एका डब्यात दोन-दोन मिसळलेलेही असतात. ९५४ दिसलं तर नऊ महिने तो डबा बाजूला ठेवा. आणि वाचता आलं नाही तर पुढच्या तपासणीला येताना डबाच पिशवीत टाकून आणा, आपण दोघं मिळून वाचू.